कोणास खेळवावे?

पेडणे आणि डिचोली हे आमचे दोन तालुके नाटकांचे आणि भजनांचे म्हणून गोव्यात ओळखले जातात. फुटबॉलचे खरे वेड सासष्टीत आणि बार्देशात, असे तिकडील मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु रविवारी मिस्सा संपल्यावर ज्याने चर्चच्या अंगणात घटकाभर उभे राहून कान दिला असेल, त्यास ही समजूत किती अपुरी आहे हे सहज कळून येईल. आदल्या रात्री फातोर्ड्याच्या मैदानावर सामना झालेला असला, की सकाळी पाव आणावयास निघालेल्या माणसापासून बसच्या थांब्यावरील कॉलेजकुमारापर्यंत सर्वांच्या तोंडी तोच विषय असतो.

नवल हे, की हा वाद बहुधा हार-जितीचा नसतो. संघ हरला तर तो वाढतो खरा. पण संघ जिंकला तरी तो थांबत नाही. अमक्यास पहिल्यापासून का उतरविले नाही? तमक्याचे पाय थकलेले सर्वांस दिसत असता त्यास शेवटपर्यंत का ठेविले? आपल्या गोव्याच्या पोरास शेवटची दहा मिनिटे, आणि परदेशातून आणिलेल्यास पूर्ण सामना, हा कोठला न्याय? एकूण सारा कलह एका प्रश्नाभोवती फिरतो: कोणास खेळवावे, आणि किती वेळ? आज या प्रश्नाचाच थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते. कारण ज्याच्याविषयी आपण बोलतो तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा बहुधा कोणाच्या तरी घरचा आधार होऊ पाहत असतो, आणि त्याच्या पुढील आयुष्याची वाट या मिनिटांवरच ठरत असते.

प्रथम साधा हिशेब पाहू. मैदानावर एका बाजूस अकरा खेळाडू आणि सामना नव्वद मिनिटांचा; म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती एका सामन्यास ९९० मिनिटे येतात. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात तेरा संघ होते आणि साखळीत प्रत्येकास २४ सामने खेळावयाचे होते. त्या हिशेबाने एका संघाच्या वाट्यास २३,७६० मिनिटे आली. ही मिनिटे पंचवीस-तीस खेळाडूंत वाटावयाची. घरात पेजेचे मडके एकच आणि पानावर बसणारी तोंडे अनेक, अशी ही स्थिती आहे. एकाच्या ताटात अधिक वाढले की दुसऱ्याच्या ताटात तितके कमी पडणारच. ‘अमक्यास आणखी खेळवा’ असे म्हणणे सोपे आहे; परंतु ‘मग कोणाची मिनिटे काढून घ्यावी?’ याचे उत्तर जो देत नाही, त्याने अर्धाच वाद घातला असे समजावे.

हा वाद आमच्या आजोबांच्या काळी असा नव्हता, कारण खेळाचा नियमच निराळा होता. चोपडेच्या काठावर उभे राहिले की शापोरा नदीपलीकडे शिवोली दिसते. त्या शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू १८८३ साली आले, आणि त्यांनीच गोव्यास फुटबॉलची गोडी लाविली असे सांगितले जाते. त्या काळचे अकरा म्हणजे अकराच. कोणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी सामना पुरा करावयाचा. विश्वचषकात तर १९७० पर्यंत बदली खेळाडूची सोयच नव्हती. त्या वर्षी ३१ मे रोजी मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच हा मध्यंतरानंतर मैदानावर आला, आणि विश्वचषकातील पहिला बदली खेळाडू म्हणून त्याचे नाव राहिले. पुढे दोनाचे तीन झाले. २०२० साली महामारीमुळे सामन्यांची दाटी झाली, तेव्हा खेळाडूंच्या शरीरावर भार पडू नये म्हणून पाच बदलांची तात्पुरती मुभा देण्यात आली. आणि २०२२ साली ती नियमांत कायमची बसली.

या बदलाने बाकाचा अर्थच पालटला आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वादपटूंच्या ध्यानी आलेली नाही. पूर्वी राखीव खेळाडू म्हणजे कोणी आजारी पडेल तर उपयोगी पडणारा माणूस. आज सोळा खेळाडू मिळून सामना खेळतात. बगलेवरून धावणारा आघाडीचा खेळाडू एका सामन्यात कित्येक वेळा जिवाच्या आकांताने पळतो. आमच्या दमट हवेत तासाभरानंतर त्याचे पाय जड होऊ लागतात. त्याच वेळी प्रतिपक्षाचा बचावपटूही थकलेला असतो. अशा वेळी ताज्या दमाचा मुलगा उतरविला, तर जे काम पहिल्या अर्ध्या तासात होत नाही ते शेवटच्या अर्ध्या तासात होते. म्हणून साठाव्या मिनिटास मैदानावर येणे हा सर्वदा अपमान नव्हे; पुष्कळदा ती एक विशेष कामगिरी असते. मात्र मुलास ते कोणी समजावून सांगितले पाहिजे. न सांगता बसविलेला मुलगा स्वतःस टाकलेला समजतो.

आता आमच्या घरचेच उदाहरण घेऊ. एफसी गोवा हा संघ २०१४ साली उभा राहिला. २०१७ ते २०२० या तीन हंगामांत स्पेनचा फेरान कोरोमिनास, ज्यास सर्व गोवा ‘कोरो’ म्हणून ओळखतो, तो या संघाचा मुख्य आघाडीवीर होता. पहिल्या हंगामात १८, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात १४, असे मिळून लीगमध्ये त्याने ४८ गोल केले. त्याच काळी दोन तरुण भारतीय त्याच्या सावलीत वाढत होते. एक पंजाबचा मनवीर सिंग आणि दुसरा आमच्या दवर्लीचा लिस्टन कुलासो. मनवीर बहुधा उशिरा उतरे आणि त्याच्या नावावर गोल अगदी थोडे जमले. लिस्टनला तर त्याहूनही कमी वेळ मिळाला. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर आणि आमच्या अंगणांत तेव्हा जो वाद माजला, तो आजही पुष्कळांस आठवत असेल.

पुढे काय झाले? लिस्टन २०२० च्या जानेवारीत हैदराबादच्या संघात गेला. तेथे मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यास नियमित खेळावयास मिळाले. २०२१ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने मोठी रक्कम मोजून त्यास नेले, आणि २०२१-२२ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ८ गोल केले. मनवीरही २०२० साली त्याच कलकत्त्याच्या संघात गेला आणि पहिल्याच हंगामात त्याचे ६ गोल झाले. ‘पाहा, आम्ही सांगत होतो!’ असे म्हणावयास आमच्या मंडळीस यापेक्षा अधिक काय पाहिजे?

परंतु हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या २०१९-२० च्या हंगामात ही मुले बाकावर होती, त्याच हंगामात एफसी गोवाने साखळीच्या १८ सामन्यांत ४६ गोल केले, साखळीतील पहिले स्थान पटकाविले, आणि त्या बळावर आशियातील श्रेष्ठ संघांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत प्रवेश मिळविणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. तेव्हा प्रशिक्षकाची निवड चुकली असे कोणी म्हणावे? त्यास जिंकावयासाठी नेमिले होते, आणि तो जिंकला. इकडे मुलांस घडावयाचे होते, आणि ती दुसऱ्या अंगणात जाऊन घडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकाच निर्णयातून संघाचे हित साधते आणि मुलाचे राहून जाते, हेच या प्रश्नाचे खरे दुखणे आहे. ज्यास हे दुखणे दिसत नाही त्याचा वाद केवळ आरडाओरडा होतो.

नियम करणाऱ्यांनी यावर औषध शोधिले नाही असे नव्हे. लीगच्या आरंभी एका संघातून सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर असू शकत. २०१७-१८ पासून ते पाच झाले, आणि २०२१-२२ पासून चार. म्हणजे भारतीयांच्या जागा पाचावरून सातावर आल्या. तथापि या वाढलेल्या जागा कोठे मिळाल्या हे पाहावे लागते. जो मधला आघाडीचा खेळाडू गोल करतो, ती जागा बहुतेक संघांनी परदेशी माणसासाठीच राखिली. याचे फळ देशाच्या संघात दिसते. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कलकत्त्यास कुवेतविरुद्ध आपला निरोपाचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. परंतु २०२५ च्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यास पुन्हा बोलवावे लागले. त्यास परत बोलाविणारे प्रशिक्षक तेच मानोलो मार्केझ, जे त्या वेळी एफसी गोवाचाही कारभार पाहत होते. छेत्रीच्या थोरवीस आमचा नमस्कार आहे. पण ज्या घरात चाळिशीच्या थोरल्यास नांगर पुन्हा हाती घ्यावा लागतो, त्या घरात धाकट्यांच्या हाती तो वेळेवर दिला गेला नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

आम्हां गोवेकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती डिचोलीकरांस जवळून ठाऊक आहे. गोव्यातील मोठे संघ बव्हंशी व्यापारी आणि खाणमालक घराण्यांच्या आश्रयावर उभे राहिले होते. डिचोलीच्या डोंगरांतून निघालेल्या खनिजाचा पैसा काही अंशी फुटबॉलच्या मैदानावर उतरला असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती नव्हे. तालुक्यातील साखळी येथे १९९९ साली सेझा फुटबॉल अकादमी निघाली ती याच परंपरेतून. २०११-१२ साली भारताच्या आय-लीगमध्ये चौदा संघ होते. त्यांपैकी धेंपे, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग हे चार गोव्याचे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत ओळीने सहा वर्षे ते अजिंक्यपद गोव्यातच राहिले. चार संघ म्हणजे वरच्या दर्जाच्या चव्वेचाळीस जागा. २०१६ साली धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी महासंघाच्या धोरणावरून त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले, आणि जागा एकदम आकसल्या. धेंपे पुढे आय-लीगमध्ये परतला हे खरे. परंतु देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये गोव्याचा संघ एकच उरला. एका फांदीवर इतकी पाखरे बसू लागली की चोचीने चोच लागणारच. ‘आपल्या पोरास खेळवीत नाहीत’ या तक्रारीचे अर्धे मूळ येथे आहे. प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडून ते उपटले जाणार नाही.

पायरीवर थांबलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची गोष्ट सेझा अकादमीतच घडलेल्या आदिल खानची आहे. मोठ्या संघांतून त्याची ये-जा झाली, भारताच्या संघातून तो कित्येक वर्षे बाहेर राहिला. आणि तिशी उलटल्यावर, २०१९ साली, त्यास पुन्हा बोलावणे आले. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला कलकत्त्यास बांगलादेशविरुद्ध भारत एक गोलाने मागे असता, ८८ व्या मिनिटास बरोबरीचा गोल करणारे डोके त्याचेच होते. वाट पाहणारा प्रत्येक जण असा परततोच असे नाही. पण जो परततो तो वाट पाहण्याच्या काळात सराव न सोडलेला असतो, एवढे खरे.

सर्वांत कठीण बाक गोलरक्षकाचा. आघाडीचा मुलगा निदान शेवटची दहा मिनिटे तरी मागू शकतो; दुसरा गोलरक्षक वर्षभर ऊबदार कपडे घालून बसून राहतो. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८३-८४ चा संतोष चषक जिंकिला, तो एकही गोल न स्वीकारता. त्या संघाच्या राखीव गोलरक्षकाचे नाव आज कितीजणांस आठवते? तरीही रोज सकाळी सरावास दुसरा गोलरक्षक असल्यावाचून पहिला तयार होत नाही, हे कोणताही जाणता सांगेल.

आता मोठ्या मैदानावरून आपल्या गावच्या मैदानाकडे येऊ. तेथील निर्णय तरी आपल्याच हाती आहेत. फेस्ताच्या निमित्ताने किंवा पावसाळा ओसरल्यावर गावोगावी सामने भरतात. संघ निवडावयाची वेळ आली की कोणाचा वाडा, कोणाचा भाचा, सदऱ्यांचे पैसे कोणी दिले, या प्रश्नांस पाय फुटतात. आमच्या पेडण्यात आणि डिचोलीत ख्रिस्ती घरे थोडी. केवळ आपल्याच मुलांचे अकरा जमविणे बहुतेक गावांत अशक्य. म्हणून आमचे संघ मिश्र असतात, आणि ती आमची शोभा आहे. परंतु म्हणूनच ‘आमच्या माणसास बसविले, त्यांच्यास खेळविले’ हे वाक्य येथे जितके घातक ठरते तितके अन्यत्र ठरत नाही. एकदा ते वाक्य मैदानाच्या कडेला उच्चारले गेले, की संघ त्या दिवसापुरता हरत नाही. तो मोडतो, आणि पुढल्या वर्षी त्या गावात दोन संघ निघतात, ज्यांस अकरा-अकरा मुले मिळत नाहीत.

तेव्हा वाद घालू नये काय? आम्ही असे मुळीच म्हणत नाही. ज्या गोष्टीवर लोक वाद घालीत नाहीत ती गोष्ट मेलेली असते. मात्र तोंड उघडण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हा सामना कशासाठी आहे: मुलांस शिकविण्यासाठी, की चषक जिंकण्यासाठी? आठवडाभर सराव कोणी पाहिला: मी, की प्रशिक्षकाने? आणि माझा कैवार मुलाच्या खेळासाठी आहे, की त्याच्या आडनावासाठी? या तिहींची उत्तरे सरळ देता आली तर खुशाल वाद घालावा, आणि प्रशिक्षकानेही तो ऐकून घ्यावा.

चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र आमचे मत स्पष्ट आहे. तेथे प्रत्येक मुलास खेळावयास मिळालेच पाहिजे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली बालकांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली, तिचे मर्मही हेच: लहान मैदान, थोडे खेळाडू, म्हणजे प्रत्येकाच्या पायास चेंडू अधिक वेळा लागतो. आपल्या गावात एवढे करणे कठीण नाही. एक वही ठेवावी. साठ मिनिटांचा सामना असेल तर अकरांची मिळून ६६० मिनिटे होतात. पंधरा मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास ४४ येतात. प्रत्येक सामन्यानंतर कोण किती वेळ खेळला ते लिहावे, आणि महिन्याअखेर ती वही पालकांस दाखवावी. निम्मी भांडणे वहीच मिटवील. ज्याची मिनिटे कमी भरली त्यास पुढील सामन्यात आधी उतरवावे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत गुणांप्रमाणे निवड व्हावी हे योग्यच. पण गुणवान मुलास बसवावयाचे असेल तर कारण त्याच्या तोंडावर सांगावे: तुझा डावा पाय कच्चा आहे, चेंडू गेल्यावर तू मागे धावत नाहीस, पुढल्या महिन्यात हे सुधार, मग तुला उतरवू. आणि शब्द दिला तर तो पाळावा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कडू सत्य पचवितो. मौन त्यास पचत नाही. कारण न कळता बसून राहिलेली कितीतरी मुले बूट खुंटीस टांगून बोटीवरची नोकरी धरतात किंवा परदेशाची वाट चालू लागतात. नोकरी वाईट नव्हे. परंतु जी वाट मुलाने निवडावयाची, ती त्याच्यावर कोणाच्या आळसामुळे लादली जाऊ नये.

आईबापांसही दोन शब्द. मैदानाच्या कडेस उभे राहून प्रशिक्षकास शिव्या देणारा बाप मुलाची मिनिटे वाढवीत नाही. तो त्याची मान खाली घालावयास लावतो. घरी आल्यावर ‘किती गोल केलेस?’ यापूर्वी ‘बरा खेळलास ना?’ असे विचारावे, आणि जो खेळलाच नाही त्याच्या पानावरही मासळीचा तुकडा तितकाच मोठा वाढावा. शाळेची पुस्तके मात्र कोणत्याही चषकासाठी बंद होऊ देऊ नयेत. २०२५ च्या सप्टेंबरात सुपर लीग नेहमीच्या वेळी सुरूच झाली नाही, आणि देशातील नावाजलेले खेळाडूही पुढे काय या चिंतेत घरी बसले, हे आपण पाहिले आहे. ज्या खेळाच्या मोठ्यांचीच भाकरी अशी अधांतरी, तेथे लहानाच्या हाती दुसरे एखादे काम असणे हे शहाणपणाचे.

येत्या रविवारी अंगणात हा वाद पुन्हा रंगेल, आणि रंगावाच. बोलता बोलता एवढे मात्र पाहावे, की ज्याच्याविषयी आपण बोलतो तो मुलगा, किंवा त्याची आई, चार पावलांवर उभी नाही ना. असेल तर त्यास हाक मारावी, जवळ घ्यावे, आणि त्यालाच विचारावे: ‘बाबा, तुला काय वाटते?’ इतक्या वादांत हा प्रश्न त्यास बहुधा कोणी विचारलेला नसतो.